स्वयंपाकघरात झोपलेले विंटरहेल्टसाहेब

पहिलं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली आणि फ्रँकफर्टच्या कडेला आमची नवी वसाहत उभी राहिली. सपाट छपरं, पांढऱ्या भिंती, मोठाल्या खिडक्या. माणूस आजारी पडतो तो जुन्या घरांमुळे, असं बांधणाऱ्यांचं मत होतं. आम्ही सर्दी-पडशासकट राहायला आलो, हा आमचाच दोष.

माझे शेजारी ओटमार विंटरहेल्ट गॅस कचेरीत कारकून. नव्या आरोग्यावर त्यांच्याइतकी श्रद्धा डॉक्टरांचीही नसेल. सकाळी गच्चीवर आम्हा सगळ्यांना उघड्या अंगाने कवायत करायला लावायचे. थंडी हा मनाचा खेळ आहे, असं बजावायचे. जेवणात किसलेली कच्ची गाजरं. घरातले पडदे गेले, सोफा गेला, शेवटी लग्नातली पिसांची दुलईही गेली.

"धूळ पांघरून झोपतो आपण, गेर्डा!" असं बायकोला सांगून त्यांनी लोखंडी खाट बाल्कनीत टाकली आणि बाहेर झोपू लागले.

नोव्हेंबरात सासूबाई आल्या, त्या स्वतःची दुलई घेऊनच. लेकीशेजारची जागा रिकामी होती. तिथे त्यांनी ती ऐसपैस पसरली.

जानेवारीत बर्फ पडलं. आमच्या आधुनिक भिंती इतक्या पातळ, की त्या संध्याकाळचं बोलणं मला शिंकांसकट ऐकू आलं.

"अगं, शरीराला अधूनमधून बदल हवा म्हणतात."

"म्हणजे आत यायचंय का तुम्हाला?"

"यायचंय असं नाही. प्रयोग म्हणून."

"भलतंच काय, जावईबापू!" सासूबाई कळवळल्या. "इथे केवढी ही धूळ! माझं म्हातारीचं काय व्हायचं ते होवो, तुम्ही तुमची फुफ्फुसं जपा."

"थंडी वाजतेय एवढं म्हणा ना, अहो," गेर्डा म्हणाली. "आईची सोय मी दुसरीकडे करते."

तेवढं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. ते स्वयंपाकघरात जाऊन आडवे झाले. ते स्वयंपाकघर शास्त्रज्ञांनी बाईची पावलं मोजून बेतलेलं. पुरुषाचे पाय हिशेबात नव्हते. साहेबांचे दाराबाहेर राहिले. गेर्डाने त्यांच्यावर आपला कोट टाकला.

सकाळी गच्चीवर साहेबांची मान वाकडी होती. "फरशीवरची झोप कण्याला उत्तम," त्यांनी जाहीर केलं. आठवड्याभरात आणखी तीन घरांतले पुरुष स्वयंपाकघरात झोपू लागले. त्यांच्या बायका सासूबाईंना केक देऊन गेल्या.

"किती दिवस चालणार हा प्रयोग?" गेर्डाने एकदा विचारलं.

"आई कधीपर्यंत आहेत?"

"ईस्टरपर्यंत."

"मग ईस्टरपर्यंत," साहेब म्हणाले. "शास्त्रात घाई चालत नाही."