ताशी आठ

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, डावा तळहात ट्रॅफिक पोलिसासारखा समोर धरायचा आणि म्हणायचं, "पयते तं आहे बाप्पा. पण थांबते का?"

कोणतीही गाडी दाखवा, बाईंचा पहिला प्रश्न हाच. रंग नाही, वेग नाही, किती माणसं बसतात तेही नाही. आधी थांबते का ते सांगा.

अकोल्यातल्या एका छोट्या खाजगी ऑफिसात आम्ही ले-आउटचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे करतो. मी तिथला इंजिनिअर आणि बाई ट्रेसर. म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं चित्र ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवणाऱ्या. त्यांची रेघ अशी की भिंग लावलं तरी थरथर दिसायची नाही. पुढे कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, आणि बाईंच्या शाईच्या पेनांना बूच लागलं. त्या प्रिंटच्या घड्या घालायच्या, फायली लावायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम गेलं आणि टेबल तेवढं राहिलं.

एकदा डब्याच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर माझा खेळ उघडून बसलो होतो. खेळ साधा आहे. एक ओसाड ग्रह, मंगळासारखा. जमिनीतून लोखंड काढायचं, त्याचे ठोकळे करायचे, ठोकळ्याला ठोकळा जोडून गाडी, यान, घर बांधायचं. श्वासाला हवा हवी तर बर्फ आणून वितळवायचा. पाचपंचवीस लोक आपापल्या घरून एकाच ग्रहावर खेळतात. त्या दिवशी माझा ट्रक उतारावर गडगडत चालला होता. मागून आवाज आला, "याचं वजन वरते काहून ठेवलं तुमी?"

मी वळून पाहिलं. बाईंच्या हातात भाकरीचा घास तसाच होता.

"पेट्या खाली घ्या, चाकं बाहेर काढा. पाण्याच्या टाकीचे पाय खाली पसरून असते ना जी, तसं."

मी तसं केलं. ट्रक उभा राहिला. बाईंनी घास खाल्ला.

महिन्याभरात त्यांनी घरी जुना कॉम्प्युटर आणला. खेळाने नाव विचारलं तेव्हा बँकेच्या चेकवर लिहितात तसं त्यांनी लिहिलं, 'सेल्फ'. ते नंतर बदलता येईना. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या पडद्यावर बातम्या यायच्या: सेल्फ आल्या. सेल्फ दरीत पडल्या. सेल्फ यांचा प्राणवायू संपला. माइक चालू केला की त्या आधी म्हणायच्या, "हॅलो, हॅलो, मी बोलून राहिली. घरून."

आमच्या गटात तेव्हा मी आणि वरूडचा गजू असे दोघेच होतो. गजू संत्र्याच्या पॅकिंगच्या धंद्यातला, खेळातसुद्धा सगळं नारिंगी रंगवणारा. त्याने एक यान बांधलं होतं. मागे नऊ इंजिनं, दोन्ही बाजूंना पंख, नाकावर वाघाचं तोंड. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"थांबवाचं कायले बाई? वेग पाहा ना!"

"उलट्या बाजूनं एक तरी इंजिन लाव गजू. अथी हवा नाई अडवाले."

गजूने लावलं नाही. यान सुटलं, ग्रहाला एक चक्कर मारून परत आलं, आणि आम्ही दोन महिने खपून बांधलेल्या घराच्या एका भिंतीतून शिरून दुसऱ्या भिंतीतून बाहेर पडलं. मध्ये हवेच्या टाक्या होत्या. आम्ही तिघेही जागेवर मेलो. या खेळात मेलेलं माणूस दोन मिनिटांत परत उभं राहतं. तिघेही परत उभे राहिलो. मग बाई म्हणाल्या, "गजू, वाघ मात्र चांगला काढला होता बरं."

तेव्हापासून बाईंच्या सहीशिवाय आमची एकही गाडी हलली नाही. सही म्हणजे खरीच सही. त्या आधी ग्राफ पेपरवर नकाशा काढायच्या. वरून, समोरून, कापून. उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत 'आरेखन', 'तपासले', 'मंजूर'. 'आरेखन' आणि 'मंजूर'पुढे त्यांची सही; 'तपासले'पुढे माझी घ्यायला तो कागद सोमवारी माझ्या टेबलावर यायचा. बंद पडलेली पेनं गरम पाण्यात घालून त्यांनी पुन्हा चालती केली होती. एका यानाच्या नकाशावर त्यांनी उत्तर दिशेचा बाण काढला.

"बाई, अवकाशात उत्तर नसते."

"नकाशावर पाहिजे जी," त्या म्हणाल्या.

मग चाचण्या. त्यासाठी वेगळी वही होती, आणि चाचणीचा चालक मी. बाई स्वतः कधी चालवत नसत. मागच्या सीटवर बसून लिहून घ्यायच्या. एकदा ती वही मी चोरून वाचली. 'चाचणी क्र. १७. भरलेली गाडी, तीव्र उतार. वळणावर उलटली. चालक मेला. चालकाचे लक्ष नव्हते. जेवण करून पुन्हा घ्यावी.' मी त्या एका ट्रकसाठी अकरा वेळा मेलो. प्रत्येक वेळी बाई माइकवर विचारायच्या, "लागलं तं नाई ना?" आणि मीही खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचो, "नाही बाई, बरा आहे."

आता अमरावतीकरांबद्दल सांगतो. त्याच ग्रहावर अमरावतीचाही एक गट होता. त्यांचे म्होरके एका कॉलेजातले सर होते. आम्ही ज्या पठारावर घर बांधलं होतं, ते सगळ्यात सपाट, यानं उतरवायला सोयीचं. त्यावर त्यांचा डोळा होता. अकोला आणि अमरावती यांचं पृथ्वीवरच फारसं जमत नाही, तिथे तरी काय जमणार! शेवटी शर्यत ठरली. ध्रुवावरून बर्फ भरायचा आणि डोंगर उतरून पठारावर आणायचा. जो गट भरलेला ट्रक आधी आणेल त्याचं पठार. दुसऱ्याने बिऱ्हाड हलवायचं.

रविवारी दुपारी तीनला आम्ही ध्रुवावर उभे. चालक मी, मागे वही घेऊन बाई, आणि खाली पठारावर दार उघडायला गजू. अमरावतीचा ट्रक लांबलचक, आठ चाकी. सुरुवातीला ते पुढे गेले, पण पहिल्या उताराला त्यांची मागची चाकं घसरू लागली आणि आम्ही त्यांना गाठलं. बाई मागून सांगत होत्या, "घाई नका करू. आपली गाडी थांबते."

आणि माझ्या घरची वीज गेली.

लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे पडदा काळा. मी बाईंना फोन लावला.

"बाई, आपली गाडी कुठे आहे?"

"उभी आहे. तुमी झोपल्यासारखे बसून आहा सीटवर."

"वीज गेली. मला बाहेर काढा, तुम्ही बसा आणि चालवा."

"मी?" बाई म्हणाल्या. "मले नाई येत."

"नकाशा तुमचा, गाडी तुमची, बत्तीस चाचण्या तुमच्या!"

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग बाईंनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिकडे अमरावतीचा ट्रक पुढे चालला होता, आणि इकडे बाई सुरुवातीपासून सांगत होत्या.

"साहेब, मी अठरा वर्षांची असन. मैत्रिणीनं नवी मोपेड घेतली होती. म्हणे बस, शिकवते. चालू कशी कराची सांगतलं, पयवाची कशी ते सांगतलं. थांबवाचं सांगाचंच राह्यलं तिच्यानं. मी गेली निघून. जुन्या शहरातली गल्ली, तुमाले माहीत आहे किती रुंद असते. लोक बाजूले होऊन राह्यले, मी आपली ओरडून राह्यली. थेट भांड्याच्या दुकानात. घागरी, पातेले, ताटं, सगळं अंगावर. लागलं काई नाई. पण साऱ्या गल्लीनं घागरवाली नाव ठेवलं, अन् बाबा म्हणे आता पायीच जाय. तवापासून मी पायीच आहे जी."

चाळीस वर्षं. मला हसू आलं होतं, ते मी आवरलं.

"बाई," मी म्हटलं, "या गाडीचा ब्रेक कुठे आहे?"

"स्पेसबार," त्या ताबडतोब म्हणाल्या.

"मग बसा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बारीक घरघर.

"चालली," बाई कुजबुजल्या. "चालली ना जी!"

"वेग किती आहे?"

"आठ."

"आठ काय?"

"ताशी आठ. नऊ होते तं मी कमी करते."

मी अंधारात फोन कानाला लावून बसलो. म्हणजे दुपारच साडेतीनची होती, पण उन्हासाठी खिडक्या बंद होत्या. बाईंच्या कॉम्प्युटरमधून अमरावतीकरांचं हसणं मला ऐकू येत होतं. कोणी म्हणालं, बर्फ रस्त्यातच वितळणार. चार वाजता ते पठारावर पोचले. ओरडले, आतषबाजी केली. शर्यत संपली.

"बाई, आपण हरलो. सोडा आता, या परत."

"अर्ध्या उतारावर गाडी सोडून?" त्या चिडूनच म्हणाल्या. "तुमी फोनवर राहा फक्त."

मी राहिलो. प्रत्येक वळणाच्या आधी त्या गाडी थांबवायच्या, मला सांगायच्या, "थांबवली," आणि मग पुढे निघायच्या. पंधरा मिनिटांनी अमरावतीचं हसणं बंद झालं. अर्ध्या तासाने सरांचा आवाज आला, "ताई, पुढे उजवीकडे दरड आहे. डावीकडून या." त्यांचं एक छोटं वाहन परत वर आलं होतं आणि दिवे लावून बाईंच्या पुढे चाललं होतं. मागून आणखी दोघं पायी. गजू मला नंतर म्हणाला, "वरातच वाटून राह्यली होती बे. फक्त बँड नोता."

साडेपाचला बाई पठारावर पोचल्या. गजूने बर्फ मोजला. एक खडा कमी नव्हता. बाईंनी हँडब्रेक लावला, दिवे बंद केले आणि विचारलं, "आता उतरू का?"

सर म्हणाले, "पठार आमचं झालं ताई. पण तुमच्या गाडीचा नकाशा मिळेल का?"

"अर्ज करा," बाई म्हणाल्या.

आणि अमरावतीकरांनी खरंच अर्ज केला. 'विषय: बर्फवाहू ट्रकचा नकाशा मिळणेबाबत.' बाईंनी तो पंधरा दिवस ठेवून घेतला, मग मंजूर केला.

बिऱ्हाड हलवायला सोळा खेपा लागल्या. नवी जागा खडकाळ, गजू रोज तिला शिव्या द्यायचा. बाई मात्र एकही खेप माझ्याकडे देईनात. आठाचे बारा झाले, बाराचे वीस. सोळाव्या खेपेला त्या तीसने आल्या आणि वळणावर थांबल्यासुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात कागद नव्हता.

"साहेब, वहिनीची स्कूटर आहे ना? एक दिवस सकाळी देता का?"

आम्ही कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर गेलो. सहा वाजता तिथे फिरायला येणारी मंडळी सोडली तर कोणी नसतं. पहिल्या दिवशी बाईंनी इंजिन चालूच करू दिलं नाही. त्या बसल्या, मी मागून ढकललं, त्यांनी ब्रेक दाबला. असं तीस वेळा. एक आजोबा रोजच्या फेऱ्या सोडून उभे राहिले आणि मला म्हणाले, "भाऊ, बंद पडली असन तं गॅरेजमधी न्या ना."

दुसऱ्या दिवशी पाय ठेवायच्या जागेत गव्हाचं पोतं ठेवून ढकललं. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली, म्हणून बाईंनी नाइलाजाने बटण दाबलं. त्या सरळ गेल्या, टोकाला थांबल्या, दोन्ही पाय टेकवून वळल्या आणि परत आल्या. चेहरा घामाने डबडबलेला. मी टाळ्या वाजवल्या, आजोबांनीही वाजवल्या. बाई आमच्याकडे न बघता पुन्हा निघून गेल्या.

लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. बाईंनी तो काढला. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, झालं, जा. बाई म्हणाल्या, "अजून एकदा काढते जी." त्यांनी मागच्यांना थांबवून आणखी एकदा काढला.

त्यानंतर खेळात त्यांचं येणं कमी झालं. रविवारी त्या बहिणीकडे बार्शीटाकळीला जायच्या, स्वतःच्या स्कूटरवर. आधी मला वाईट वाटायचं. गजू तर उघडच म्हणायचा, "तुमीच शिकवली. भोगा आता." गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि बहिणीकडेच राहायला गेल्या. टेबलावर आता नवा प्रिंटर आहे. प्रिंटच्या घड्या घालताना बाईंना दिसायच्या त्या माझ्या नकाशांतल्या चुका आता माझ्यापर्यंत कोणी आणून देत नाही. त्या थेट साइटवर पोचतात आणि तिथून फोन येतो.

परवा कामासाठी मी बार्शीटाकळीच्या बसमध्ये होतो. एका थांब्यावर माणसं चढत होती. तेवढ्यात खिडकीशेजारून एक स्कूटर संथपणे पुढे जाऊ लागली. पदर कमरेला खोचलेला, पाठ ताठ, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट. मी खिडकीतून ओरडलो, "बाई!"

त्यांना ऐकू गेलं नाही. हेल्मेटच्या काचेआड त्यांचे ओठ हलत होते. नीट पाहिलं, तर त्या गात होत्या. आठ वर्षं आमची टेबलं शेजारी होती, पण बाई गातात हे मला माहीत नव्हतं. कंडक्टरने घंटा मारली आणि बस सुटली, तोवर त्या तुरीच्या शेताला वळसा घालून गेल्या होत्या.