कुशाबाच्या हाताचा गुण

कापड्याच्या वरच्या वाडीतला कुशाबा सकपाळ गिटार वाजवतो, आणि चांगली वाजवतो, ही गोष्ट वाडीत पहिल्यांदा कळली ती वानरांना. माणसांना कळायला पुढं वीसेक वर्षं गेली, तीही वानरांनी सक्ती केली म्हणून.

गिटार आली कशेडी घाटातनं. गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलाचं सामान घेऊन निघालेला ट्रक वळणावर कलंडला, तेव्हा आजूबाजूच्या वाड्या मदतीला धावल्या. मदत एवढी जोरात झाली की अर्ध्या तासात ट्रकात ना गादी उरली ना खुर्ची. अजूनही त्या बाजूला एखाद्या गोठ्यात मखमली कोच दिसला तर त्याची चौकशी करू नये. कुशाबा पोचला सगळ्यांच्या मागनं. डोकं फुटलेल्या ड्रायव्हरला त्यानं पाणी पाजलं, आपला टॉवेल त्याच्या डोक्याला बांधला आणि मग हळूच विचारलं, "काय राहिलंय का रे?"

ड्रायव्हरनं कण्हत गिटारीकडं बोट दाखवलं. "ही ने. ही कुणालाच नको."

घरी प्रयागबाईनं ती उलटीसुलटी करून पाहिली. "लोकांच्या घरवाल्यांनी गाद्या आणल्या. तुम्ही काय आणलंत? भोक पडलेली पेटी!"

कुशाबा तेव्हाही भाताच्या गिरणीवर कामाला होता, आजही आहे. शिकवायला कुणी नाही, तेव्हा तो गिरणीलाच शिकवायला बसवून मोकळा झाला. पट्टा फिरायला लागला की जी घूं निघते, तिला त्यानं सगळ्यात जाड तार जुळवली आणि बाकीच्या पाच तिच्या मागनं ओढून आणल्या. अंगठ्यानं तो शिमग्याचा ढोल काढी, उरलेल्या बोटांनी सनई, आणि मधेच पेटीवर चापट मारून नाचणाऱ्यांचे पाय. अख्खी पालखी एका पेटीतनं निघायची. वाडी म्हणायची, कुशाबा टकटक करत बसतो.

दासगावचा हैदर टेम्पो घेऊन गिरणीवर तांदूळ भरायला येई. बारा वर्षं मस्कतला एका हॉटेलाची गाडी चालवून आलेला. एकदा पोत्यावर बसून त्यानं ऐकलं, आणि तांदूळ भरायचे विसरून टेम्पो रिकामाच परत नेला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "कुशाभाऊ, आमच्या हॉटेलात एक जण कोट घालून हेच वाजवायचा. तो एकटा वाजवतोय हे कळायचं. तुझं ऐकताना वाटतं, आत आणखी चार जण बसलेत. वादक हायस तू. वादक!"

कुशाबानं तो शब्द जपून घरी नेला नि प्रयागबाईपुढं ठेवला.

"वादक हायसा तर शेतावर जाऊन वाजवा," ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. "इथं माझ्या सुपाचा हात चुकतो."

म्हणून तो वालाच्या शेतात राखणीच्या माचावर बसून वाजवायला लागला. रोज गिरणी बंद झाली की चारच्या सुमारास. तिसऱ्या दिवशी डोंगरावरनं वानरांचा कळप उतरला. आता वाल संपला, असं कुशाबानं मनात धरलं आणि जाताजाता एक चाल पुरी करून घ्यावी म्हणून वाजवत राहिला. वानरं बांधावर ओळीनं बसली. हात गुडघ्यांवर, तोंडं बंद. एका शेंगेला कुणी हात लावला नाही. मधे कुशाबाचं बोट घसरलं, तसा म्होरक्या हुप्प्यानं कान खाजवला आणि तोंड फिरवलं. कुशाबानं तो तुकडा पुन्हा नीट वाजवला. हुप्प्यानं तोंड परत इकडं केलं.

त्या वर्षी सगळ्या वाडीचा वाल वानरांनी खाल्ला, कुशाबाचा सोडून.

झालं, बैठक बसली. नाही म्हणायला लोकांनी आधी घरचे उपाय करून पाहिले. शेजारच्या तुळजाबाईनं कुशाबाचं वाजवणं कॅसेटीत भरून शेतात कर्ण्यावर लावलं. वानरांनी कर्णा उचलून विहिरीत टाकला. कुणी महाडातनं नवीकोरी गिटार आणून पुतण्याला बांधावर बसवलं. त्या दिवशी वानरांनी दुप्पट खाल्लं आणि पुतण्याची टोपी नेली. एवढं सगळं डोळ्यांनी पाहून वाडीनं निष्कर्ष काढला: कुशाबाच्या हाताला गुण आहे.

विंचू उतरवणाऱ्याच्या हाताला असतो, काविळीचं औषध देणाऱ्याच्या हाताला असतो, तसा. मग शेतांच्या पाळ्या ठरल्या. सोमवारी खालची आळी, मंगळवारी वरची, टेपावरची. पान्हा न सोडणारी म्हैस कुशाबाकडं आली. रडकी पोरं आली. एकानं तर बंद पडलेला पंप आणला. कुशाबा सगळ्यांपुढं वाजवायचा आणि लोक त्याच्या बोटांकडं बघत बसायचे, ऐकायचं कुणी नाही. उलट तुळजाबाई मधेच म्हणायची, "कुशादादा, तो आवाज बंद करून नुसता हात फिरवलात तर नाय का चालणार?"

"वादक हाय मी," कुशाबा म्हणायचा.

"हो हो. पण हात फिरवा."

यंदाच्या मे महिन्यात मुंबईकर मंडळानं पूजेच्या दिवशी त्याचा सत्कार ठरवला. मंडळाचा सेक्रेटरी राजेश नालासोपाऱ्याहून बॅनर छापूनच आला. देवळापुढं मांडवात तो टांगला तेव्हा कुशाबा जवळ जाऊन, बोट फिरवत वाचायला लागला. 'वानर निवारण तज्ज्ञ श्री. कुशाबा सकपाळ यांचा जाहीर सत्कार.' मानपत्रातही तेच. वर 'अनेक शेते वाचविली', खाली 'म्हशींनाही दिलासा'. गिटारीचं नाव औषधाला नाही.

"राजेश, बाबा, यात वादक घाल की."

"दादा, प्रिंट झालंय ना! लॅमिनेशनपण मारलंय. आणि लोकांना कनेक्ट होणार नाही."

"मग मी वाजवू तरी का शेवटी?"

"टाइम नाही हो. भाषणंच नऊ आहेत."

कुशाबा पुढच्या रांगेत जाऊन बसला. पण गिटार घेऊन बसला. बाजूला हैदर, मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून आलेला.

प्रमुख पाहुणे यायचे होते चिपळूणहून. कशेडीत कंटेनर आडवा झाला, पाहुणे अडकले. त्यांची गादीची खुर्ची, वर पांढरा टॉवेल, मधोमध रिकामी ठेवून कार्यक्रम सुरू झाला. दुसरं भाषण संपता संपता चार वाजले, आणि देवळाच्या पत्र्यावर धपाधप उड्या पडल्या. कळप वेळेवर आला होता. वानरं पत्र्याच्या कडेला ओळीनं बसली, हात गुडघ्यांवर. तिसरं भाषण झालं. चौथं झालं. पाचव्याला हुप्प्या खांबावरनं खाली उतरला, व्यासपीठावर चढला आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसला.

राजेशनं माईक सोडला नाही. "आपल्यातले काही मान्यवर उशिरा का होईना..." म्हणून तो पुढं बोलतच राहिला. सहाव्या भाषणाला हुप्प्यानं सत्काराचा नारळ उचलून पायरीवर फोडला. सातव्याला कळप खाली आला. शिऱ्याचं पातेलं गेलं. हार गेले. टेपावरच्या आळीनं सत्काराला आणलेल्या शाली गेल्या.

"कुशाबा, निवारण कर!" सगळा मांडव ओरडला.

कुशाबा उठला. त्यानं गिटार हैदरच्या मांडीवर ठेवली, पुढं जाऊन हुप्प्यासमोर उजवा हात धरला आणि विंचू उतरवल्यासारखा वरनं खाली फिरवला. हुप्प्यानं त्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"बघा," कुशाबा म्हणाला. "हाताला काय बी गुण नाय."

"अरे, पेटी वाजव ना मंग!" तुळजाबाई खुर्चीवर उभी राहून किंचाळली.

"ते वादकाचं काम हाय. इथं वादक कोण हाय? बॅनरवर तर दिसत नाय."

"कुशाबा, ही वेळ हाय का!"

"वीस वर्षं झाली गो तुळजाबाई, वेळच इचारतोय मी."

एक वानर राजेशच्या मोटारीच्या टपावर चढून वायपर उपटत होतं. राजेशनं खिशातनं मार्कर काढला, मानपत्राच्या लॅमिनेशनवर 'वानर निवारण तज्ज्ञ' खोडलं, वर लिहिलं आणि माईकवर वाचलं, "गिटारवादक श्री. कुशाबा सकपाळ."

"परत वाच," हैदर म्हणाला.

त्यानं परत वाचलं. मग कुशाबा बसला आणि वाजवायला लागला.

वानरं होती तिथं बसली. काही मांडवात, काही लोकांच्या शेजारच्या खुर्च्यांवर. कुणाचा तरी मोबाइल वाजला, तसं त्याच्या शेजारच्या वानरानं दात दाखवले. मोबाइल बंद झाला. एक बाई शेजारणीच्या कानाला लागली, तिच्याकडं चार माद्या वळून बघायला लागल्या. ती गप्प झाली. पाऊण तास कुणाला हलता आलं नाही, उठता आलं नाही, बोलता आलं नाही. ऐकण्यावाचून इलाजच नव्हता, तेव्हा वाडीनं ऐकलं. ढोल ऐकला, सनई ऐकली, नाचणाऱ्यांचे पाय ऐकले. पालखी देवळात शिरतानाची चाल आली तेव्हा दोन-चार म्हाताऱ्यांचे हात आपोआप जुळले आणि मग त्यांनी इकडंतिकडं पाहून ते सोडवले.

वाजवणं संपलं. वानरं उठून डोंगराला लागली. मांडवात कुणी टाळी वाजवायचं धाडस केलं नाही.

शेवटी तुळजाबाईच म्हणाली, "वाईट नाय वाजवत. आधी नाय का सांगायचंत?"

पाहुणे सहा वाजता पोचले आणि खुर्चीत सांडलेल्या खोबऱ्यात बसले.

घरी जाताना कुशाबा मानपत्र काखेत मारून चालला होता. मार्करची शाई ओली असल्यामुळं तो ते अंगाला लागू देत नव्हता. प्रयागबाई चार पावलं पुढं. अंगणात आल्यावर मागं न वळता म्हणाली, "पालखीच्या चालीत तुमची जाडी तार उतरली होती."

कुशाबा जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं ती त्याच्याकडं पाठ करून तांदूळ पाखडत आली होती.

"गिरणीचा पट्टा ढिला झालाय," तो म्हणाला. "तू कधीपासनं ऐकतेस?"

"कान काय काढून ठेवू?" ती म्हणाली. "उद्या पट्टा ताणून घ्या आधी. हुप्प्यानं पण तिथंच कान खाजवला."