पट्टी बारा सेंटीमीटर खाली

पाणी भरलेल्या नळीचं एक टोक मी भिंतीतल्या पितळी खुंटीला सुतळीने बांधलं आणि दुसरं टोक धरून पट्टीकडे गेलो. तिथे पोचेपर्यंत खुंटीकडचं टोक सुटलं आणि अर्धं पाणी सांडलं. पुन्हा भरलं, पुन्हा बांधलं. खरं तर हे दोघांचं काम. एकाने तिकडे धरायचं, दुसऱ्याने इकडे वाचायचं. पण आमच्या इरिगेशन कॉलनीत क्वार्टर चौदा आणि राहणारा मी एक. चौकीदार रिटायर झाला, कालवा निरीक्षकाची पोस्ट रिकामी. बायको सडक अर्जुनीच्या शाळेत, आमचं घर कुडव्याला कुलपात. रविवार मोकळा मिळाला तर भेट, नाहीतर फोन.

चौथ्या खेपेला जमलं. पट्टीवरचा आकडा पाहिला आणि मी तिथेच पायरीवर बसलो.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगतो. मी शाखा अभियंता. गोंदिया जिल्ह्याच्या अगदी काठावर माझं सेक्शन, नदीपलीकडे मध्य प्रदेश. नदीवर एक बंधारा आहे आणि त्यातून दोन कालवे निघतात. एक आमचा, एक त्यांचा. दोन्हींची दारं आमच्या ताब्यात. कोणाला किती पाणी ते करारात लिहिलेलं आहे. त्यांच्या कालव्याच्या तोंडाशी भिंतीवर गेज आहे. गेज म्हणजे सेंटीमीटरच्या खुणा असलेली इनॅमलची पट्टी. पाण्याची खोली वाचायची, तक्त्यात बघायचं, किती पाणी गेलं ते कळतं. रोज सकाळी आठ वाजता दोन्ही राज्यांच्या माणसांनी ती सोबत वाचायची आणि एकाच रजिस्टरवर सह्या करायच्या. देशादेशांमध्ये नद्यांचे मोठे करार असतात. त्यांच्याही तळाशी अशीच एखादी पट्टी आणि ती वाचणारी दोन माणसं असणार.

आमच्यातला दुसरा माणूस म्हणजे बिसेनजी, त्यांच्या बाजूचे उपयंत्री, म्हणजे माझ्यासारखेच अभियंते. रोज मोटरसायकलने यायचे. मग त्यांच्याकडे तीन सेक्शनचा चार्ज आला, रस्ताही पुरात खचला. "बिसेनजी, कशाला रोज हाल करून घेता? मी वाचतो आणि फोनवर सांगतो," मी म्हटलं. ते शनिवारी येऊन आठवडाभराच्या सह्या एकदम करू लागले.

रोज आठला त्यांचा फोन यायचा. "कापगते जी, कितना?" मी आकडा सांगायचो. तो लिहायला दहा सेकंद पुरतात, पण आम्ही पंधरा मिनिटं बोलायचो. त्यांच्या मुलीचं लग्न, माझी शुगर, कोणाच्या धानाच्या बांधीत कीड. कधीकधी दिवसभरात मी तेवढंच बोललेलो असायचो. खोटं कशाला सांगू, त्या फोनची मी सात वाजल्यापासून वाट पाहायचो.

गेल्या वर्षीच्या पुरात जुनी पट्टी वाहून गेली. गावातला मिस्त्री आणून मी नवी लावून घेतली. वर छत्री धरून उभा होतो. "खाली टेकली का?" "टेकली साहेब." "मग ठोक." बिसेनजींनी फोनवर विचारलं होतं, "मैं आऊँ क्या? जीरो दोनों को देखना है." मी म्हटलं, "अहो, मी आहे ना." झालं. मोठेपणा करायला माणसाला काय लागतं!

गेल्या वर्षी पाणी उदंड होतं, म्हणून कोणाला काही जाणवलं नाही. यंदा गत वेगळी झाली. पूर्वी पाऊस चार महिने वाटून पडायचा आणि नदी दिवाळीपर्यंत चालायची. करारही तसल्या पावसावर बेतलेला. आता आठवडाभरात सगळं कोसळतं आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं. तसल्याच कोरड्या दिवसांत धान गर्भात आलं, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधीचे दिवस. तेव्हा बांधीत पाणी नसलं तर लोंबी येते, पण दाणा भरत नाही.

एका सकाळी बिसेनजी फोनवर म्हणाले, "टेल वाले चिल्ला रहे हैं. पानी पहुँच ही नहीं रहा." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. मी म्हटलं, गेज तर पूर्ण आहे. ते म्हणाले, "वही तो मैंने कहा. कापगते जी का पढ़ा हुआ है, उसमें फरक नहीं हो सकता."

फोन ठेवला आणि मला बसवेना. भांडले असते तर मीही भांडलो असतो. त्यांनी विश्वास टाकला, म्हणून मी नळी काढली.

गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं. आमच्या भिंतीत जी पितळी खुंटी आहे ती कालव्याच्या उंबऱ्यापासून, म्हणजे जिथून खोली मोजायची त्या तळापासून, बरोबर दोन मीटर उंच. म्हणजे खुंटीच्या पातळीला पट्टीवर दोन मीटर दिसायला हवं. दिसलं दोन मीटर बारा. पुराने भिंतीपाशी खड्डा पाडला होता आणि मिस्त्रीने पट्टी त्या खड्ड्यात टेकवली होती. पट्टीचा शून्य उंबऱ्याच्या बारा सेंटीमीटर खाली. पट्टी जेवढं पाणी दाखवत होती त्यापेक्षा त्यांना बारा सेंटीमीटर कमी जात होतं. ते बारा सेंटीमीटर माझ्या शेतकऱ्यांच्या कालव्यात येत होते. रोज. आणि आकडा मी सांगत होतो.

माझे वरिष्ठ, डेप्युटी साहेब, त्यांना फोन लावला.

"पट्टी वर सरकवा आणि विषय संपवा," ते म्हणाले.

"सर, रजिस्टरवर लिहावं लागेल."

"लिहिलं की ते मागचं पाणी मागतील. यंदा कुठून देणार? तुम्हीच सांगा."

"सर, रजिस्टर जॉइंट आहे."

"जॉइंट आहे म्हणूनच म्हणतोय, कापगते."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांच्या दारातही आमदाराची माणसं बसलेली असायची. मी तासभर त्या पायरीवर बसून होतो. माझ्या घराण्यात तलाव बांधणारे, पाळीपाळीने पाणी वाटणारे लोक होऊन गेले, असं लहानपणापासून ऐकत आलोय. त्याचा त्या वेळी काही उपयोग झाला नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की सांगितलं तर आठ वाजताचा फोन बंद होणार. नाही सांगितलं तर तो येत राहणार आणि मला रोज तोंड चोरून बोलावं लागणार.

मी बिसेनजींना म्हटलं, "आज या. प्रत्यक्ष."

दुपारी आले. मी नळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खुंटीवर धरलं, मी पट्टीवर. मग जागा बदलून त्यांनी स्वतः वाचलं.

"परसों टेल वालों ने मुझे घेर लिया था," ते म्हणाले. "मैंने आपकी कसम खाई."

मी पट्टीखालचा खड्डा त्यांना दाखवला.

"जान-बूझ कर तो नहीं किया ना?"

"नाही हो, बिसेनजी."

"मैं मान लेता हूँ. उनको कैसे मनाऊँ?"

त्यांनी विचारलं याचं मला वाईट वाटलं. त्यांना विचारावं लागलं याचं जास्त.

आम्ही दोघांनी मिळून पट्टी नव्याने बसवली आणि रजिस्टरवर सगळं लिहून खाली सह्या केल्या. तुटीपोटी आठवडाभर आमचा कालवा बंद ठेवून त्यांचा चालवायचा, असं वरच्या बैठकीत ठरलं. साहेबांनी मला शोकॉज नोटीस दिली. ती रास्तच होती.

कालवा बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष ताराचंदभाऊ दहा-बारा जणांना घेऊन कॉलनीत आले.

"काऊन जी साहेब, आमचा पानी कायले बंद केला तुमी?"

मी सांगितलं. पट्टी, खड्डा, बारा सेंटीमीटर.

"थे ठीक. पन तिकडच्यायले सांगतलं कोनं?"

"मी."

"अन् आमी काय पाहून राहाचं? तुमी आमचे का तेंचे?"

मी रजिस्टरचं पान त्यांच्यापुढे केलं. ते गेले. आता गावातून जाताना कोणी गाडी थांबवत नाही. पूर्वी घर येईपर्यंत तीन ठिकाणी बसवून घ्यायचे.

मग एक बरा पाऊस झाला आणि आमचं बहुतेक धान वाचलं. त्यांच्या टेलचं वाचलं नाही. एका रविवारी सडक अर्जुनीला न जाता मी पलीकडे गेलो. शेताच्या धुऱ्यावर एक बाई उभी होती. मी लोंबी चिमटीत घेतली तर नुसतं टरफल. "किस ऑफिस के हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नहर के." "इधर के या उधर के?" "उधर के." ती पुढे निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. गेज दोघांनी वाचायचा नियम लबाडांसाठी आहे, असं मी तीस वर्षं समजत होतो. पण माझ्यासारखा सरळ माणूस चुकला, तर त्याच्या शेजारी उभं राहून ते बघणारं कोणीतरी लागतं.

आता बिसेनजी रोज येतात. खचलेल्या रस्त्याने, पाऊण तास गाडी हाणत. आठला पट्टीपाशी उभे राहतात, स्वतः वाकून वाचतात आणि आकडा मोठ्याने म्हणतात. मीही म्हणतो. दोन्ही आकडे जुळतात. सह्या होतात. "बसा," मी म्हणतो. "नहीं, देर हो रही है," ते म्हणतात आणि गाडीला किक मारतात.