वणीतला पांढरा सोफा

वणीत राहून पांढरा सोफा घेणारी बाई कोण, असं विचारलं तर आमच्या भागातली माणसं अजूनही माझ्या फाटकाकडे बोट दाखवतात. हसा, हसा. मीही आता हसतेच. ज्या गावात सकाळी दोरीवर टाकलेली पांढरी बनियन संध्याकाळी राखाडी होऊन घरात येते, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की काजळ लागतं, त्या गावात मी अख्खं घर पांढरं केलं. तेही सगळं ठाऊक असून. बाभुळगावहून लग्न होऊन आले तेव्हापासून मी आधी कोळशाच्या धुळीशी संसार केलाय आणि मग नवऱ्याशी.

आमचे हे खाणीत डंपर चालवायचे. सगळं आयुष्य खाणीच्या क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टरच्या व्हरांड्यात एक लोखंडी बाज होती, हिरव्या-निळ्या नायलॉनच्या पट्टीनं विणलेली, मधे झोळ पडलेली. ड्युटीवरून आले की हे हातपाय धुऊन तिच्यावर पडायचे. अंघोळ चहानंतर, आणि चहा बाजेनंतर. डोकं भिंतीला टेकायचं तिथं एक काळा गोल डाग पडला होता. मी तो साबणानं घासला, सोड्यानं घासला, शेवटी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. तर हे कॅलेंडरला डोकं टेकायला लागले.

रिटायरमेंट जवळ आली तसं आम्ही गावाच्या कडेला स्वतःचं घर बांधलं. लेक लग्न होऊन गेलेली, म्हणजे राहणारे आम्ही दोघंच. रंग-फर्निचर ठरवायची वेळ आली तेव्हा मी यांना रीतसर विचारलं, "अजी, तुमाले काय पाह्यजे घरात?"

"मले काई नाई पाह्यजे वं," हे म्हणाले. "ड्युटीवरून आलो का पडाले एक जागा असली म्हंजे झालं."

मी हो म्हटलं आणि पुढच्या मिनिटाला विसरले. माझं सगळं लक्ष मोबाइलमधल्या एका बाईकडे लागलं होतं. ही बाई रोज एक घर सजवून दाखवायची. तिच्या केसाची बट जागची हलायची नाही आणि घरात एकही माणूस दिसायचा नाही. ती म्हणायची, घराला एकच थीम पाहिजे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं तरी सूर तुटता कामा नये. आणि घर 'पर्सनल' पाहिजे, म्हणजे त्यात राहणारा माणूस त्यात दिसला पाहिजे. हे दुसरं वाक्य मी ऐकलं होतं, शपथेवर सांगते. पण त्यात राहणारा माणूस म्हणजे मी, असं मी मनाशी पक्कं धरून चालले.

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी मूड बोर्डसुद्धा केला. त्याच्यावर कापडाचे तुकडे, रंगाच्या कार्डातल्या चकत्या, मासिकातली चित्रं डिंकानं चिकटवली. सगळं पांढरं. दुधाळ पांढरा, मोतिया पांढरा, सायीचा पांढरा. पेंटर म्हणाला, "बाई, एकच डबा आनला तं नाई चालनार का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा पुढं ब्रश धुवायलासुद्धा बाहेर जायचा. यांनी बोर्ड उचलून उलटापालटा पाहिला.

"हे काय होय?"

"मूड बोर्ड."

"असं," म्हणाले आणि चहाचा कप त्याच्यावर ठेवला. सायीच्या पांढऱ्यावर कपाचा गोल उमटला. मी तो तुकडा खरवडून नवा चिकटवला.

घर झालं. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, पांढरा सोफा, पांढऱ्या कुशनवर पांढरी फुलं. वास्तुपूजेला आलेल्या बायका चपला काढून दारातच थबकल्या. शेजारच्या काकूंनी आत डोकावून विचारलं, "काय वं, नंबर लावा लागते का? डॉक्टर आले का?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी मनात म्हटलं, यांना काय कळतं थीममधलं.

बाज मी मागच्या अंगणात टाकली होती. नायलॉनची हिरवी-निळी पट्टी कुठल्या थीममध्ये बसते, सांगा बरं.

मग सुरू झालं माझं फडकं. सकाळी पुसायचं, दुपारी पुसायचं, कोळशाचे ट्रक जोरात असले की संध्याकाळी परत. कोणी सोफ्यावर बसून उठलं की मी त्याच्या मागून फडकं घेऊन हजर. आणि हे? हे ड्युटीवरून आले की घराला वळसा घालून मागनं यायचे, अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचे आणि तिथंच बाजेवर पडायचे. मी म्हणायचे, अंघोळ करून या ना आत. तर अंघोळ करूनही मागंच. एकदा फारच आग्रह केला तेव्हा आत आले, सोफ्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्याच्या मधोमध बसले, मांडीवर हात ठेवून. बसस्टँडवर बसतात तसे. मला हसू आलं. बह्याडावानी, अगदी वेड्यासारखी हसले मी. कोळसा अंघोळीनं निघत नाही, घामातून पुन्हा बाहेर येतो, यांच्या शर्टाची कॉलर मी आयुष्यभर घासलीय. पण तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच, की चला, नवरा शिस्तीला लागला.

चैत्रात ऊन तापलं. वणीत कूलरशिवाय माणूस भाजून निघेल, पण कूलर थीममध्ये बसेना. मी क्वार्टरमधल्या जुन्या कूलरलाही पांढरा रंग मारून घेतला, हॉलच्या खिडकीत बसवला, काकूंना मुद्दाम बोलावलं आणि बटण दाबलं. त्याच्या बाजूच्या ताट्यांमधलं गवत बदलायचं मात्र विसरले. मागच्या उन्हाळ्याची माती आणि वर्षभराचा कोळसा, सगळा भपकन आत आला. पडदे, सोफा, फुलं आणि काकू, सगळ्यांवर एकसारखा काळा शिडकावा. काकू पदर तोंडाला लावून खोकत होत्या की हसत होत्या, ते अजून कळलेलं नाही. हे मागच्या दारात उभे होते. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

"आता जमलं! आता वनीतलं घर वाटून राह्यलं!"

"दात कायले काढून राह्यले?" मी ओरडले. "पुसाले तुमी येता का?"

हसू गिळून बिचारे मागं गेले. मी सगळं धुतलं आणि सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवलं. त्या उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर बसून दाखवणाऱ्याला मी बक्षीस दिलं असतं.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी हे रिटायर झाले. खाणीत हारतुरे होणार, शाल-श्रीफळ मिळणार आणि मग यांच्या पाळीतली माणसं यांना घरी सोडायला येणार. मी सकाळपासून तयारीत. प्लास्टिक काढलं, कुशन झटकून उभी केली, काचेचे ग्लास मांडले. मनात म्हटलं, आज पाहतील, आपल्या दोस्ताचं घर कसं असतं ते. जीपचा आवाज आला. फाटक वाजलं. मी पदर सारखा करून दारात उभी राहिले, आणि तेवढ्यात यांचा आवाज आला.

"थांबा बे, इकून नाई. घर पांढरं हाये. मागून चला."

पावलं बाजूच्या बोळातून मागं गेली. मी हॉलमध्ये, समोर रिकामा सोफा. मागच्या अंगणात हशा सुरू झाला.

ट्रे घेऊन मी मागं गेले. सगळे गुलालानं माखलेले. कोणी उरलेल्या टाइल्सच्या ढिगावर बसलेला, कोणी पालथ्या बादलीवर, आणि हे मधे बाजेवर, गळ्यात झेंडूचा हार, कानात गुलाल, तोंड फुललेलं. इतकं खुश मी यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आत चला ना जी सगळे," मी म्हटलं. "इथं कायले बसले?"

एकानं आपले पाय दाखवले. "नाई वहिनी. हे पाय पाहा न. तुमच्या घराची वाट लागन."

"आता रिटायर झाले ना हे," मी म्हटलं. "आता तं कोयसा संपला."

हे हसत हसत म्हणाले, अगदी सहज, माझ्यावर राग नाही की काही नाही, "राहू दे वं. आत गेलो का मलेच पाव्हन्यावानी वाटते."

सगळे हसले. मीही हसले. चहाचा ट्रे टाइल्सवर ठेवला. या माणसानं आयुष्यभर धूळ खाल्ली, त्यातून हे घर उभं राहिलं, आणि मागितलं काय, तर पडायला एक जागा.

"उठा," मी म्हटलं.

"काहून?"

"उठा म्हनलं ना बाजेवरून."

सगळ्यांना वाटलं, वहिनी बिघडल्या. हे उठले. मी बाजेचा एक पाय धरला. "काय पाहून राह्यले जी? धरा तिकडून."

पाळीतल्या माणसांनी बाज उचलली. मागच्या दारातून ती आडवी जाईना. तिरपी केली, चौकटीचा रंग खरवडला, कोणाची तरी गुलालाची कोपर भिंतीला घासली. सगळे "हळू, हळू, वहिनीचं घर हाये" म्हणत होते आणि मी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून ओरडत होते. सोफा भिंतीकडे रेटला. कूलरसमोर बाज टेकवली. फरशीभर गुलाबी पावलं.

वळून पाहिलं, तर हे अजून मागच्या दाराबाहेरच. चपला काढलेल्या. पँटचा गुलाल झटकत होते, पायपुसण्यावर पाय घासत होते. एक पाय, मग दुसरा, पुन्हा पहिला.

मग मान वर करून मला म्हणाले, "येऊ का मंग?"

स्वतःच्या घरात यायला माझा नवरा मला विचारत होता. मी नुसती बाजेवर हात मारून जागा दाखवली. हे आले, हारासकट आडवे झाले आणि डोकं माझ्या मोतिया पांढऱ्या भिंतीला टेकलं. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. मी ते खुंटीला अडकवलं आणि चहा परत गरम करायला गेले.