बेलभंडार आणि विक्रीकर

पुण्याहून सातला निघायचं ठरलं होतं, निघालो नऊला. माझा मेहुणा सुधाकर उद्योग खात्यात. तो सरकारी जीपनं इंदापूर तालुक्यात तपासणीला चालला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून वैतागलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला बसायला जागा मिळाली. फुकट ते पौष्टिक.

काम काय, ते त्यानं वाटेत सांगितलं. लष्कराच्या अवकाश-कार्यक्रमाची कामं परराज्यांत जाऊ नयेत म्हणून आपल्या सरकारनं विक्रीकरात सूट देऊ केली होती. त्यासाठी सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदारांनाही ती मिळणार होती. धोंडीबातात्या नावाच्या एका अर्जदारानं मात्र ‘उत्पादनाचे नाव व उपयोग’ हा रकाना कोराच ठेवला होता.

"आज मुदत संपते," सुधाकर म्हणाला. "रकाना भरला नाही तर सूट गेली, आणि सूट गेली की माल महाग पडून त्याच्या हातचं काम गेलं."

बारामतीत मिसळ खाल्ली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवलीच. कन्हेरी मागे पडल्यावर ऊस दाटत गेला. पुढे एक ट्रॉली रस्त्यात कलंडली होती, तिथं तासभर खोळंबलो. चालकानं कांडं सोलून हातात दिलं, तेवढाच दिलासा.

वालचंदनगरची वसाहत ओलांडून बावड्याच्या अलीकडे तात्यांची पत्र्याची शेड. वडील मेंढरं राखायचे. तात्यांनी मेंढरं विकून लेथ मशीन घेतलं. त्यावर कवेत मावणार नाही एवढी पोलादी कडी चढवलेली होती. तात्या तिच्यापुढं उभे राहूनच आमच्याशी बोलले, जणू ती आम्हाला दिसतच नव्हती.

आधी जेवण. त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) वाढलं. काम गेलं तर शेडमधली चार माणसं पुन्हा ऊसतोडीला जातील, हे त्यांनी वाढतावाढताच सांगितलं. मग सुधाकरनं अर्ज उघडला.

"तात्या, ही कडी कशाची?"

"मोठी कडी हाय, सायब."

"पण कशासाठी?"

"त्ये न्हाय सांगता येत."

सुधाकरनं काम देणाऱ्या कारखान्याचं पत्र काढलं. सरकारी अधिकाऱ्याला सांगायला हरकत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. तात्यांनी ते सगळं वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"गुपित ठिवायच्या कागदावर सही केलेली, ती ह्या कागदानं सुटली. पर त्याच सांजच्याला म्या आपल्या मनानं बेलभंडार उचलला. तो कुनाच्या पत्रानं सुटंल?"

बेलभंडार उचलणं म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन खंडोबाची शपथ घेणं. तात्यांकडे ती कुणी मागितलीसुद्धा नव्हती. मला त्यांचा राग आला. मग वाटलं, आपण जन्मात असं काही पाळलंय का? उत्तर काही बरं आलं नाही.

बायजाबाई हात पुसत पुढे आल्या. "सायब, धंद्याच्या कागदावर माजंबी नाव हाय न्हवं?"

सुधाकरनं पान उलटलं. भागीदार म्हणून त्यांचं नाव होतं.

"मग मी सांगते. मी न्हाय भंडार उचलला. राकेटची कडी हाय ती, लष्कराच्या. लिवा."

तात्या गर्रकन तिच्याकडे वळले. "तुला कुनी सांगितलं?"

"काम देनाऱ्या कारखान्याच्या विंजेनेर सायबानं, हितं च्या पिताना. शपथ तुमी घेतली, त्यानं कुठं घेतली हुती?"

सुधाकरनं हसू दाबत रकाना भरला. आता दोघांच्या सह्या हव्या होत्या. बायजाबाईंनी केली. तात्या कागदाकडे बघेनात.

"मी वाचनार न्हाय. कुठं करायची तेवढं दावा."

बायजाबाईंनी भरलेल्या ओळीवर तळहात ठेवला. तात्यांनी त्याच्याखाली सावकाश सही केली.

निघताना ते जीपपाशी आले. "गुरुजी, बायजा खरं बोलली का खोटं, त्ये मी सांगितलं न्हाय हां."

"नाही तात्या. तुम्ही काहीच सांगितलं नाही," मी म्हणालो. तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

पुण्यात शिरताना सुधाकर म्हणाला, सूट मंजूर होईल. मला मनापासून आनंद झाला. असली कामं आपल्याकडं यावीत म्हणून सरकारनं करावर पाणी सोडलं होतं. त्या कामांचं गुपित राखायला मात्र तात्यांना कुणी काहीच देऊ केलं नव्हतं.