पुसातला धवला

मुरबाडच्या पलीकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात मला शिक्षिका म्हणून नेमलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. माझं माहेर शहापूरचं. मध्ये दोन वर्षं ट्रेनिंगसाठी मुंबईत राहिले आणि त्या दोन वर्षांत मला गाण्याचं वेड लागलं. तिथल्या एका नाट्यगृहाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा तो होळीपर्यंत चालायचा. गायन, सतार, संगीत नाटकं, रविवारी सकाळी काहीतरी वेगळं. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकायची आणि मनातल्या मनात रंगमंचावर जाऊन बसायची. लहानपणी पेटीवर थोडं शिकले होते. आवाज बरा होता. पण पुढे ये, गा, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

गावात आल्यावर ते सगळं तुटलं. नाट्यगृहाचं येत्या हंगामाचं छापील पत्रक मात्र मी पत्र लिहून मागवून घेई. पोस्टमन ते आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आणून देई. कोणत्या तारखेला कोण गाणार, कोणतं नाटक, सारं मला पाठ व्हायचं. जायचं मात्र कधीच नाही. एवढ्या लांबून एकटी बाई कशी जाणार, आणि शाळा कोण उघडणार? दिवस उजाडला की मी मनाशी म्हणायची, आज तिकडे सतार आहे. आणि मुलांना पाढे सांगायला लागायची.

गावाच्या कडेला एक वाडी होती. तिथे एक बाई राहायची, पन्नाशीची, काळी, काटक. वाडीतली आणि आसपासची लग्नं तिच्याशिवाय लागत नसत. ती धवलारीण होती. लग्नात जी गाणी म्हणून देवांना मांडवात बोलावतात त्यांना धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी मंत्र म्हणतात, तसं वाडीत तिचं गाणं. ती एक ओळ म्हणायची आणि तिची जाऊ ती ओळ उचलायची, म्हणजे मागून तीच म्हणायची. मी पहिल्यांदा ऐकलं ते माघातल्या एका लग्नात. ती तांदळाच्या चौकासमोर मांडी घालून बसली होती, डोळे मिटलेले. आवाज मोठा नव्हता. पण मांडवातली माणसं हळूहळू गप्प होत गेली.

नंतर आमची ओळख वाढली. मी तिला मावशी म्हणायची. तिचा एकुलता एक पोरगा मुंबईत लाकडाच्या वखारीत कामाला होता. दोन वर्षं तो घरी आला नव्हता. त्याला मी तिच्या वतीने कार्डं लिहायची. ती शाळेच्या पायरीवर बसून सांगायची, "लिव, बाई. आई बरी हाय. बकरी व्याली. तू कदी येशील?" उत्तर येत नसे. दर दोन महिन्यांनी पुन्हा तेच कार्ड.

त्या पावसाळ्यात मी नाट्यगृहाच्या चिटणिसांना एक लांबलचक पत्र लिहिलं. आमच्या भागात अशी गाणी आहेत, ती शहराने ऐकायला हवीत, वगैरे. ते खोटं नव्हतं. पण पत्राच्या शेवटी मी लिहिलं होतं की गाण्याचा परिचय मी स्वतः करून देईन आणि साथही करीन. खरं काय हवं होतं ते त्या एका ओळीत होतं.

त्यांचं उत्तर आलं. पाठोपाठ येत्या हंगामाचं पत्रक आलं. एका रविवारी सकाळी, सतारवादनाच्या आधी, 'ग्रामीण लग्नगीते', आणि पुढे माझं नाव. माझं एकटीचं. मावशीसाठी 'व सहकारी' असे दोन शब्द होते. ते वाचताना मला काही खुपलं नाही, हे आज सांगायची लाज वाटते. मी ते पत्रक उशीखाली ठेवून झोपले.

तारीख पौषात येत होती. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण शिकलेल्या बाईने तिथी कशाला बघायची?

मावशीला जाऊन सांगितलं, तेव्हा तिने मात्र पहिलं तेच विचारलं. "कंच्या महिन्यात?"

"पौषात, मावशी."

"पुसात धवला?" ती हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "पुसात लगीन कोन लावतं गो?"

"लग्न नाहीच. नुसतं गाणं म्हणायचं. तिथली माणसं ऐकणार."

"नुसतं गानं कसं? धवला बोलला का देव उठतान. उठलं का निघतान. मंग येतील कुटं, ता सांग."

मी हसून म्हटलं, "देवांना काय, मुंबई ठाऊक असेलच."

तिची जाऊ चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मी नाय येनार. तू पन जाव नको." तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

चार दिवस मी रोज वाडीवर गेले. मावशी नाय नाय म्हणत राहिली. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "तुमच्या मुलाला कार्ड टाकते. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी आई येणार म्हणून. तो तिथे येईल. भेट होईल."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "येल?"

"येईल की. आई आली म्हटल्यावर कसा नाही येणार?"

"लिव मंग," ती म्हणाली. तेव्हा मला आनंद झाला होता. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

तिची जाऊ येणार नव्हती, म्हणून ओळी उचलायच्या मीच. महिनाभर शाळा सुटल्यावर तिने मला शिकवलं. माझं चुकलं की ती हात वर करायची आणि पहिल्यापासून म्हणायची, मधून कधीच धरायची नाही. तिने मला समजावलं होतं की धवल्याला दोन टोकं असतात. पहिल्या टोकाला देवांना बोलवायचं, गावदेवीला, धरतरीला, डोंगरातल्या देवाला, एकेकाला नावाने. आणि शेवटी एकेकाला परत पोचवायचं. "बोलवलं न पोचवलं नाय, असं करू नये," ती म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं.

शनिवारी आम्ही एस.टी.ने कल्याणला आणि तिथून गाडीने मुंबईला, माझ्या बहिणीकडे गेलो. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं. फडक्यात घरचे तांदूळ बांधून आणले होते आणि मुलासाठी सुकवलेल्या मोहाच्या फुलांची पुरचुंडी. रस्ताभर ती पुरचुंडी तिच्या मांडीवर होती.

नाट्यगृहात चिटणीस भेटले. सभ्य माणूस होता, त्याचं मी वाईट बोलणार नाही. मावशीने रंगमंचावर तांदळाचा चौक मांडायला आणि दिवा लावायला मागितला. ते म्हणाले, "दिवा नको, इथे पडदे आहेत. आणि तांदूळ सांडले तर लगेच पुढे सतार आहे, बैठक कशी घालणार?" मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जाऊ दे मावशी, नुसतं म्हणा." तिने फडकं परत गाठ मारून कमरेला खोचलं.

पडदा वर गेला. दिवे डोळ्यांवर आले, समोर नुसता काळोख. मी परिचय करून दिला. छान बोलले असणार, लोक शांत बसले होते. मावशी डोळे मिटून गायची, पण त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत. काळोखात बघत होती. एक ओळ म्हणून, मी ती उचलीपर्यंत मान वळवून दुसऱ्या बाजूला बघायची. मला कळत होतं ती काय शोधते आहे. मी ओळी उचलत राहिले. माझा आवाज त्या मोठ्या जागेत घुमत होता आणि तो मला फार आवडत होता.

सगळे देव बोलावून झाले. पुढची गाणी झाली. आता पोचवायचं तेवढं राहिलं होतं. इतक्यात बाजूच्या पडद्याआडून चिटणिसांनी घड्याळ दाखवलं आणि हात जोडले. वेळ संपली. मावशीने नवी ओळ घेतली होती. मी तिची ओळ उचलली नाही. प्रेक्षकांना नमस्कार केला. पडदा खाली आला, टाळ्या झाल्या. पडद्याआड ती गातच होती, एकटी, आणि दोन माणसं सतारीसाठी गादी घेऊन आली तेव्हा थांबली.

"पोचवलं नाय," ती म्हणाली.

"घरी जाऊन पोचवू, मावशी."

"आता कसं व्हल?" एवढंच बोलली. मग दाराशी जाऊन उभी राहिली. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत आम्ही तिथे थांबलो. मुलगा आला नाही.

माघात वाडीत पहिलं लग्न लागलं. मावशीनेच धवले म्हटले. लग्नाला महिना झाला नाही तोच नवरदेवाला ताप भरला. मुरबाडच्या दवाखान्यात नेला, चौथ्या दिवशी गेला. नवरी सतरा वर्षांची होती.

वाडीत कुणी भांडलं नाही, कुणी मावशीला शिवी दिली नाही. पुढच्या लग्नाला तिला बोलावणं आलं नाही, इतकंच. त्याच्या पुढच्यालाही नाही. लांबच्या वाडीवरून दुसरी धवलारीण आणू लागले. मी तिला जाऊन सांगितलं की ताप आला तो डासांमुळे, त्याचा गाण्याशी काही संबंध नाही. आरोग्य खात्याचं पत्रकही वाचून दाखवलं. ती भात निवडत होती.

"तू शिकलेली हायस," ती म्हणाली. "पन त्या पोरीचं कुकू मी पुसलं. माला म्हाईत हाय."

लोकांच्या मनात होतं ते तिने आधीच मान्य केलं होतं. तिथे माझं काहीच चालेना.

शिमग्याला तिचा मुलगा अचानक घरी आला. ती वखार त्याने केव्हाच सोडली होती, दुसरीकडे लागला होता. माझं एकही कार्ड त्याला मिळालं नव्हतं. मी इतके दिवस ती कुणाला लिहीत होते कोण जाणे. तो दोन दिवस राहिला आणि गेला.

पुढच्या पावसाळ्यात नव्या हंगामाचं पत्रक आलं. आतल्या पानावर आमचा दोघींचा फोटो होता, खाली 'कोळीगीते' असं छापलं होतं. सोबत चिटणिसांचं पत्र, यंदाही या म्हणून. मी उत्तर पाठवलं नाही. नाही म्हणायलासुद्धा मन धजेना.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, शहापूरला, वैशाखात. मी वाडीवर अक्षता घेऊन गेले. म्हटलं, "मावशी, तुम्ही या. माझ्या मांडवात तुम्ही धवले म्हणा. आमच्याकडे रीत नाही, पण मला हवेत." मला वाटत होतं, माझ्या लग्नात म्हटले आणि सगळं नीट झालं, तर वाडीतले बघतील. तीही बघेल.

तिने अक्षता घेतल्या, डोळ्यांना लावल्या. मग म्हणाली, "माजा गला तुज्या मांडवात नको गो, बाय." एवढ्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच बाई न म्हणता बाय म्हणाली, लेकीला म्हणतात तसं. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या लग्नात सापगावचा बँड होता.

लग्नानंतर माझी बदली खर्डीकडे झाली. मावशी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाऊ लागली होती, ते मला माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेकडून कळलं. पूर्वी त्या महिन्यांत तिला घरी बसायला सवड नसे, चहूकडून बोलावणी असत. तिसऱ्या वर्षी भट्टीवरच खोकल्याने गेली. मला सात-आठ महिन्यांनी कळलं.

त्यानंतर मी एकदा वाडीवर गेले. जाऊ भेटली. तिचे केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, मावशीची गाणी तुम्हाला येत असतील, सांगा, मी लिहून घेते, नाहीतर जातील सगळी.

"तिला सगली येत व्हती," ती म्हणाली. "माला उचलायपुरती येतान."

"तेवढी सांगा."

तिने माझ्याकडे, माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं. "तुमाला नाय सांगायची, बाई," असं म्हणून ती आत गेली. मी थोडा वेळ अंगणात बसून राहिले. आतून पाण्याचा तांब्यासुद्धा आला नाही. मग मी वही पिशवीत टाकली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले.