घरभरणीची उसळ

मोठ्या दिरांनी वालावलीत नवीन घर बांधलं, तेव्हा घरभरणीला फोंडाघाटाहून माझी आई आली होती. मे महिन्याची काहिली. भात, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं सकाळीच रांधून झालं होतं. पंगत मात्र बसेना. दिरांनी एका पुढाऱ्याला बोलावलं होतं आणि त्याच्याआधी कुणी जेवायचं नव्हतं.

उसळीत ओल्या खोबऱ्याचं वाटप, म्हणजे वाटण, घातलेलं. टोप झाकण घालून मांडवात पत्र्याखाली ठेवलेला. दुपार कलली तेव्हा मी झाकण उचललं, तर वर फेस आणि आंबूस वास. मी दिरांना बाजूला बोलावलं.

"भावजीनु, उसळ आंबली. वाढूक नको. मी आत्ता डाळ लावतंय."

"सगळो गाव इलो आसा आणि डाळ-भात घालू? परत उकळ काड, मसालो घाल. काय होवचा नाय."

मी हात लावला नाही. मोठ्या जावेने निमूट टोप चुलीवर चढवला.

पुढारी आला, फोटो काढून घेतले, दुसरीकडे जेवण आहे म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. मग पंगत बसली. मी आईच्या कानाशी लागले, "उसळ खाव नको गो."

"लेकीच्या सासरी पानात टाकू? मागसून तुकाच ऐकूचा लागतला," ती पुटपुटली आणि पान स्वच्छ करून उठली.

संध्याकाळपासून घराघरात उलट्या सुरू झाल्या. बाकीचे सलाईनवर निभावले. आईला मधुमेह, मूत्रपिंडं आधीच अधू. ती इस्पितळातून परत आली नाही.

"पण उसळ पुन्हा उकळली होती," मी डॉक्टरांना म्हटलं.

"बिघडल्यावर उकळून उपयोग नसतो. जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेलं विष तसंच राहू शकतं."

बाराव्याला दीर आले. माझ्या भावाजवळ बसून, मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, "वय झालेला. साखर होती. त्यात त्या दिवसाचा ऊन." उसळीचं नाव कुणी काढलं नाही. माझा नवरा मान खाली घालून भात कालवत राहिला.

तेव्हापासून त्या घरी मी पाणीही पीत नाही. गणपतीला नवरा एकटाच जातो. तिथे मी शिष्ट ठरले आहे, माणसं तोडणारी.

यंदा त्यांच्याकडे मुंजीचं जेवण होतं. आदल्या दिवशी जावेचा फोन आला, आवाज अगदी दबका.

"गो, वाटप कधी घालू?"

"पंगत बसायच्या वेळाक घाला, वहिनी. सकाळी घालून ठेवू नकात. आणि उरला तर टाकून द्या."

"बरा. आणि ह्या बघ, मी तुका विचारलंय म्हणून कोणाक सांगू नको हां," ती म्हणाली आणि तिनं घाईघाईने फोन ठेवला.